एसएसडी झिजून मरत नाही, लाईट जाऊन मरते

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "एसएसडीचं आयुष्य वाढवायचं कसं?" आजचा भाग त्यावरच. पण आधी घरचीच गोष्ट सांगतो.

माझ्या काकांचा आंब्याचा धंदा आहे, इथेच रत्नागिरीत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कॉम्प्युटरला मीच एसएसडी बसवून दिली. काका खूश, कॉम्प्युटर पंधरा सेकंदांत चालू! जूनमध्ये पहिल्या वादळी पावसात लाईट गेली, आली, पुन्हा गेली, असं तीनदा झालं. त्यानंतर कॉम्प्युटरला एसएसडी दिसेचना. चार सीझनची गिऱ्हाइकं, पत्ते, उधारी, सगळं त्यात. आदल्याच महिन्यात मी तपासलं होतं, तब्येत ९६ टक्के दाखवत होती. मग झालं काय?

झीज म्हणजे नेमकं काय

एसएसडीत फिरणारं काही नसतं. आत नँड फ्लॅश नावाच्या चिप असतात. जपानमध्ये तोशिबात फुजिओ मासुओका यांनी हे तंत्र शोधलं, १९८७ मध्ये ते जगासमोर आलं. अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडून माहिती साठवतात. प्रत्येक वेळी पुसून लिहिताना त्या कप्प्याचं आवरण थोडं थोडं झिजतं. म्हणून कंपन्या टीबीडब्ल्यू हा आकडा देतात, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिण्याची हमी. उदाहरणार्थ, सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबी मॉडेलला ३०० टेराबाइट. रोज २० जीबी लिहिलंत तरी हिशोब १५,००० दिवसांचा, म्हणजे ४१ वर्षं! घरात, दुकानात एवढं लिहितंय कोण? तेव्हा झिजेची भीती डोक्यातून काढा.

मग एसएसडी मेली कशी?

एसएसडीत माहिती एका जागी राहत नाही. सगळे कप्पे सारखे झिजावेत म्हणून आतला कंट्रोलर ती सतत इकडून तिकडे हलवतो. कुठली गोष्ट कुठे ठेवली, याची एक वही तो ठेवतो. गोदामात हजार पेट्या आहेत आणि कुठल्या बागेची पेटी कुठल्या रांगेत, हे फक्त वहीत आहे, असं समजा. वही लिहितानाच लाईट गेली तर? पेट्या जागेवर असतात, पण वही अर्धवट. बऱ्याच ड्राइव्ह यातून सावरतात, काही सावरत नाहीत. सर्व्हरसाठीच्या महाग एसएसडीत यासाठी कपॅसिटर असतात. वीज गेल्यावर वही पूर्ण करण्यापुरता करंट त्यात उरतो. आपल्या साध्या एसएसडीत ते सहसा नसतात.

आणि हार्ड डिस्क जशी आधी कटकट आवाज करते, तशी एसएसडी करत नाही. काल चालू, आज गप्प.

करायचं काय?

पहिलं, यूपीएस. लॅपटॉपला बॅटरी असते, डेस्कटॉपला नसते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाईट बदलताना क्षणभर खंड पडतो, पंख्याला तो चालतो, कॉम्प्युटरला चालेलच असं नाही.

दुसरं, १५-२० टक्के जागा रिकामी ठेवा. पेट्या हलवायला गोदामात मोकळी जागा लागतेच.

तिसरं, डीफ्रॅगची जुनी सॉफ्टवेअर चालवू नका. विंडोज स्वतःच ट्रिम करतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा ड्राइव्हला कळवतं. तेवढं पुरे. पण याच ट्रिममुळे एसएसडीवरून चुकून पुसलेली फाइल परत मिळणं अवघड, हेही लक्षात ठेवा.

चौथं, फर्मवेअर अपडेट. २०१९ मध्ये एचपीई कंपनीनेच जाहीर केलं होतं, की त्यांच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. दोष चिपमध्ये नव्हता, प्रोग्रॅममध्ये होता. एकाच दिवशी चालू केलेल्या दोन ड्राइव्ह एकदमच जाणार! म्हणून मूळ आणि बॅकअप एकाच बॅचच्या ड्राइव्हवर नको.

पाचवं, एसएसडीवर फोटो भरून कपाटात वर्षानुवर्षं ठेवू नका. कोंडलेला भार हळूहळू गळतो, उष्णतेत जास्त वेगाने. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार पूर्ण वापरून झालेल्या साध्या एसएसडीने ३० अंशांना, विजेशिवाय, एक वर्ष माहिती टिकवावी. नवी ड्राइव्ह जास्त टिकवते, पण आपला एप्रिल-मे आठवा. अधूनमधून जोडत जा.

आणि बॅकअप

तो दुसऱ्या जागी हवा. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत बरेच दिवस लाईट नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. दुकानातल्याच ड्रॉवरमधला बॅकअप अशा वेळी कसा वाचणार? एक प्रत घरी वरच्या मजल्यावर किंवा क्लाउडवर, एक दुकानात.

काकांची निम्मी गिऱ्हाइकं परत मिळाली, कारण बिलं ईमेलने गेली होती. उधारी मात्र आठवणीवरच लिहून काढली. यूपीएस आता आहे, आणि दर शनिवारी मी फोन करून विचारतो, "काका, बॅकअप घेतलात?" ते वैतागतात, पण घेतात.

तुमच्या घरी शेवटचा बॅकअप कधी घेतला, हे आज बघाच. भेटू पुढच्या भागात!