एका फ्रेंच रचनाकर्त्रीचे व्हायोलिन-सोनाटे

पाश्चात्य संगीताच्या इतिहासात एलिझाबेथ झाके द ला गेर यांचे नाव बहुधा दोन कारणांनी घेतले जाते. बालवयातच त्यांनी चौदाव्या लुईपुढे आपले वादन सादर केले, हे एक. आणि १६९४ साली पॅरिसच्या राजमान्य संगीत-अकादमीच्या रंगभूमीवर त्यांचा ऑपेरा आला, तो फ्रान्समधील पहिला स्त्रीरचित ऑपेरा होय, हे दुसरे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु तो ऑपेरा फारसा चालला नाही, आणि बाईंचे खरे सामर्थ्य अशा नवलाईच्या नोंदींआड झाकून जाते, असे आम्हांस वाटते. ते पाहावयाचे तर त्यांच्या व्हायोलिन-सोनाट्यांकडेच वळले पाहिजे.

सोनाटा म्हणजे वाजवावयाची रचना. गावयाची ती कांटाटा. हा प्रकार मूळचा इटलीचा. फ्रान्समध्ये व्हायोलिन हे त्या काळी मुख्यत्वे नृत्याच्या साथीचे वाद्य समजले जाई. कोरेल्लीच्या रचनांनी तेथील तरुण रचनाकारांना भुरळ घातली खरी, पण ते बिचकतही होते. फ्रांस्वा कूपराँ याने आपला पहिला सोनाटा इटालियन वाटेल अशा नावाआड दडून लोकांपुढे ठेवला; ही गंमत पुढे १७२६ साली त्यानेच सांगितली. ला गेरबाईंचे काही सोनाटे मात्र १६९५च्या सुमारासच तयार होते, आणि सेबास्त्याँ द ब्रोसार याने त्यांच्या नकला करून ठेवल्या.

१७०४ साली पतिनिधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १७०७ मध्ये, बाईंनी सहा सोनाटे स्वतःच्या नावाने छापून राजास अर्पण केले. त्यांपैकी पहिला डी मायनरमधला. त्यात संथ आणि द्रुत भाग आलटून पालटून येतात. मध्येच एक गेय आरिया भेटते. द्रुत भागांतील झेप इटालियन आहे, तर आरियेचा डौल अस्सल फ्रेंच. मात्र हे दोन रंग शेजारी शेजारी लावून ठेवलेले नाहीत, ते एकजीव झाले आहेत.

साथीचा प्रकारही ध्यानात घेण्याजोगा आहे. मंद्र स्वरांची एकच ओळ लिहिलेली असते आणि तिच्यावर आकडे घातलेले असतात. त्या आकड्यांवरून क्लाव्हसँवादकाने स्वरसंघात जागच्या जागी उभे करावयाचे. आपल्या गवयाला बंदिशीची चौकट सांभाळून भरणा करण्याची सवय असते, त्याला ही रीत अगदीच परकी वाटू नये. (अर्थात येथील मोकळीक पुष्कळच मर्यादित.) मंद्र ओळ धरून ठेवणारे व्हिओल हे तंतुवाद्य बाईंच्या सोनाट्यांत काही ठिकाणी ती ओळ सोडते आणि व्हायोलिनशी थेट संवाद करू लागते. साथीदाराला बोलते करण्याची ही हातोटी आम्हांस त्यांच्या कलेचे मर्म वाटते.

हे सोनाटे राजाच्या भोजनप्रसंगी वाजविले गेले. 'मर्क्यूर गालाँ' ह्या तत्कालीन नियतकालिकाने दिलेल्या वृत्तान्तानुसार, ही रचना दुसऱ्या कशासारखीच नाही, असा अभिप्राय लुईने दिला. दरबारी स्तुती म्हणून तो सोडून देता आला असता. पण डी मायनरचा सोनाटा ऐकल्यावर तो अक्षरशः खरा वाटतो.