पेशींतील साक्षीदार

श्वसनाचें खरें काम पेशींत चालतें. त्यास आवश्यक असें 'सायटोक्रोम-सी' हें प्रथिन वनस्पतींतही असतें, हें कमलाबाई सोहोनी यांनीं केंब्रिज येथें बटाट्यावर संशोधन करून दाखविलें. १९३९ सालीं त्यांस डॉक्टरेट मिळाली. हें प्रथिन तंतुकणिकांत, म्हणजे पेशीच्या ऊर्जागृहांत, राहतें. तेथून तें बाहेर पडलें कीं प्राण्यांच्या पेशीचें मरण ओढवूं शकतें, असें १९९६ सालीं आढळलें. तेव्हां प्रथिन कोठें आहे, हें कळणें महत्त्वाचें. तें काम प्रतिपिंड करतें. ठराविक प्रथिनास चिकटणाऱ्या या द्रव्यास चकाकणारा रंग जोडला, म्हणजे सूक्ष्मदर्शकांत जागा दिसते. मात्र प्रतिपिंड भलत्या प्रथिनासही चिकटूं शकतें. यास्तव तें प्रथिन मुळींच नसलेल्या पेशीही सोबत तपासाव्या. त्याही उजळल्या, तर ती साक्ष ग्राह्य धरूं नये.