घरचा सामना, परमुलखी मैदान

व्याख्या : यजमान संघाच्या स्वतःच्या मैदानावरील सामना तो घरचा, उभय संघांपैकी कोणाचेही नसलेले मैदान ते तटस्थ.

विदर्भाचा दाखला : विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या नागपूरनजीकच्या जामठा मैदानावर २०१६ साली पंजाब संघ आयपीएलचे काही घरचे सामने खेळणार होता, परंतु ऐन दुष्काळात खेळपट्टीस पाणी घालण्यासंबंधीच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १३ एप्रिल रोजी हुकूम दिला, आणि ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर गेले. (१ मेचा पुण्यातील सामना तेवढा अपवाद.) मुंबई व पुणे या दोन्ही संघांनी विशाखापट्टणासच घर मानले, एका घरात दोन बिऱ्हाडे!

परदेशी मुक्काम : लोकसभा निवडणुकीमुळे आयपीएलचा २००९ चा संपूर्ण हंगाम दक्षिण आफ्रिकेत; २०१४ चा प्रारंभीचा टप्पा संयुक्त अरब अमिरातीत.

फुटबॉल : व्हियारेआल–बार्सिलोना हा स्पॅनिश लीगचा सामना डिसेंबर २०२५ मध्ये मायामीत भरविण्याचे घाटत होते. हंगामी तिकीटधारकांना मोफत प्रवासाची तजवीज व्हियारेआलने जाहीर केली, तरी प्रेक्षक-संघटनांचा विरोध ओसरला नाही. लीगमधील खेळाडूही निषेधार्थ आपापल्या सामन्यांच्या आरंभी १५ सेकंद निश्चल उभे राहिले. ऑक्टोबरातच बेत रद्द.