एक्स्प्लेनर : ऑर्क जन्मतःच दुष्ट कसा? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधला जुना वाद

‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या पहिल्याच भागात मुलं तळघरात बसून जो खेळ खेळतात, तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र चालवतात आणि निकाल फासे देतात.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ आणला, तेव्हाच त्यात ‘अलाइनमेंट’ होती : कायदा, तटस्थता किंवा अनागोंदी. पुढे चांगलं-वाईट जोडून ९ चौकटी झाल्या. ‘लॉफुल गुड’, ‘केऑटिक ईव्हिल’वाली मीम्स पाहिली असतील, ती इथलीच.

खेळाडू आपली चौकट स्वतः निवडतो. राक्षसांची मात्र पुस्तकात छापून येते. ऑर्क, गॉब्लिन, ड्रो म्हणजे काळ्या कातडीचे एल्फ : अख्खी जमात ‘ईव्हिल’. सोय अशी, की दिसला की मारा, मनाला टोचणी नाही.

मग घोळ कुठे होतो?

‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या गाजलेल्या साहसात. ऑर्कांच्या गुहेत बायका-पोरंही आहेत आणि ती लढत नाहीत, असं पुस्तकच सांगतं. बाप मेला, आता कोपऱ्यातल्या पोरांचं काय करायचं? टेबलावर पॅलाडिन, म्हणजे दुष्कृत्य केलं तर शक्ती गमावणारा योद्धा असेल, तर ती संध्याकाळ भांडणात गेलीच म्हणून समजा.

बरं, हा ‘जन्मजात’ स्वभावही पक्का नाही. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ऑर्क ‘लॉफुल ईव्हिल’, म्हणजे शिस्तीतले दुष्ट. तिसऱ्या आवृत्तीत तेच ‘केऑटिक’ झाले. आम्हा इंजिनीअरांच्या भाषेत ही डिफॉल्ट व्हॅल्यू, कुणीतरी भरलेली. ड्रोंमध्ये तर १९८८ पासून आर. ए. साल्वातोर यांच्या कादंबऱ्यांत ड्रिझ्ट नावाचा बिभीषणच फिरतोय.

खरा आक्षेप याहून गंभीर आहे. रानटी, मंदबुद्धी, रक्तातच वाईट ही भाषा वसाहतींच्या काळात खऱ्या माणसांसाठी वापरली गेली. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर अमेरिकेत निदर्शनं सुरू असताना, ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीने ऑर्क आणि ड्रो इतरांइतकेच गुंतागुंतीचे दाखवू, असं जाहीर केलं. २०२४ च्या नियमपुस्तकात ‘रेस’ जाऊन ‘स्पीशीज’ आलं आणि ऑर्क खेळाडूंना निवडता येऊ लागला. २०२५ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तर ऑर्कची स्वतंत्र नोंदच नाही.

काही जुने खेळाडू यावर वैतागलेत. सुट्टीच्या दिवशी चार तास डोकं बाजूला ठेवून मारायला कुणीतरी हवं, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण त्यासाठी डीमन आहेत की. ते अजूनही ‘केऑटिक ईव्हिल’च आहेत, आणि त्यांच्या गुहेत पोरं नसतात.