घरात पिल्लू : पाण्याची वाटी आणि फरशी

या वेळी पट्टा-साखळीचं लिहीन म्हटलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर. मनमाडच्याच एका ताईंची चिठ्ठी आलीय. पिल्लू दोन महिन्यांचं, घरभर शू करतं, पुसण्यात बादल्या रिकाम्या होतात. म्हणून दुपारनंतर त्या त्याची पाण्याची वाटीच उचलून ठेवतात. चालेल ना, असं विचारलंय.

ताई, आधी वाटी खाली ठेवा. पाणी तोडल्याने शू थांबत नाही, घट्ट होते आणि वास जास्त उग्र येतो. उन्हाळ्यात तर एवढ्या जिवाच्या अंगातलं पाणी आटायला वेळ लागत नाही. या वयाला दिवसा दोन-तीन तासांपलीकडे धरवत नाही. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर मागच्या दारी किंवा गच्चीत, हे वेळापत्रक मागे सांगून झालंच आहे.

पण पाण्याची अडचण खरी. वागदर्डी धरणाकडे डोळे लावून वर्षानुवर्षे पंधरा-वीस दिवसांनी नळ पाहिलेलं हे गाव. मजा अशी की शूवर बादली ओतणं मुळातच चूक. ती पसरते आणि फरशीच्या सांध्यांत मुरते. आधी जुनं वर्तमानपत्र दाबून सगळं टिपून घ्या. मग तांब्याभर पाण्यात एन्झाइमवाली कपड्यांची पावडर चिमूटभर, ते डागावर दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, पिल्लू तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत. शेवटी ओल्या फडक्याने दोनदा पुसा. तांब्या-दीड तांब्यात काम होतं. फिनाइल नको. त्याचा वास आपल्या नाकाला फसवतो, कुत्र्याच्या नाही, आणि पिल्लू फरशी चाटतं. व्हिनेगर चालतं, पण शहाबादीवर नाही. तो चुनखडीचा दगड, आम्लाने चट्टे पडतात.

टिपलेल्या कागदांतला एक मात्र फेकू नका. घमेल्यात स्वच्छ वाळू घाला, वर तो कागद, आणि घमेलं मागच्या दारी किंवा गच्चीत. वासावर पिल्लू तिथे येतं. लसी पुऱ्या होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवडे, रस्त्यावरची माती नकोच. पार्व्हो या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो.

शू कुठे करायची ही सवय जन्मल्या घरीच लागते, म्हणून पिल्लू निवडतानाही मी कानांआधी तिथली फरशी बघतो. तीनेक आठवड्यांची पिल्लं आपसूक अंथरुणापासून दूर सरकून घाण करू लागतात. जिथे ती कोपऱ्यात गेलेली दिसतात, तिथलं पिल्लू अर्धं शिकलेलंच. दिवसभर खोक्यात स्वतःच्या घाणीत बसवलेल्याची ही सवय मोडते, मग धनी कितीही कागद अंथरो. आणि आठ आठवड्यांच्या आतलं कुणी विकत असेल तर सरळ परत फिरा. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या नियमांनी ते बेकायदेशीर आहे.

स्टेशनजवळच्या दोघांनी विचारलंय की रात्री गाडीचा भोंगा वाजला की पिल्लू दचकून जागीच शू करतं. त्याला ओरडू नका, एवढंच आज. बाकीचं सविस्तर लिहायचं तर पट्टा आणखी एक आठवडा लांबेल.