सह्याद्रीचा समुद्रापलीकडचा धाकटा भाऊ

मॉरिशसच्या विमानतळावर भाड्याची गाडी ताब्यात घेतली की पहिल्या काही मिनिटांतच जीव भांड्यात पडतो. स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, गाडी डावीकडूनच चालवायची, आणि हॉर्न जवळजवळ कुणी वाजवत नाही. फक्त चौकाचौकातल्या गोल वळशावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, एवढं अंगवळणी पडलं की झालं. मग नजर रस्त्यावरून हळूहळू आजूबाजूला सरकते आणि कोड्यात पडते. दोन्हीकडे उसाचे फड आणि फडांच्या ऐन मध्यावर काळ्या दगडांचे ढिगारे. काही नुसतेच ओतल्यासारखे, काही पायऱ्यापायऱ्यांनी निगुतीने रचलेले, घराएवढे उंच.

दगड मात्र ओळखीचा. वेरूळचं कैलास लेणं ज्यात कोरलं, पुण्यातल्या जुन्या वाड्यांची जोती ज्याची बांधली, तोच हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून लांब, आफ्रिकेच्या बाजूच्या एका बेटावर तो भेटतो, आणि हा योगायोग नाही. सह्याद्री आणि मॉरिशस हे एकाच आगीतून जन्मलेले आहेत.

पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी खोलवरून तापलेला खडक सतत वर ढकलला जातो. अशा जागांना भूवैज्ञानिक हॉटस्पॉट म्हणतात. वरचं भूकवच सरकत राहतं, खालचा हा स्रोत मात्र जवळपास जागचा हलत नाही. शिवणयंत्राची सुई एकाच जागी वरखाली होते, कापड पुढे सरकतं आणि टाक्यांची ओळ उमटते, तसं हे चालतं. या ओळीचा पहिला आणि सर्वांत मोठा टाका दख्खनवर पडला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतीय भूखंड या हॉटस्पॉटवरून जात होता. लाव्हाचे थरावर थर साचले आणि आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दख्खनचा कातळ तयार झाला. घाटातून जाताना कड्यांवर ज्या आडव्या पट्ट्या दिसतात, ते हेच थर.

भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे टाके पडत राहिले. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही बेटं त्याच माळेतली. पुढे समुद्रतळाची फाटती कडा या हॉटस्पॉटवरून गेली, आणि त्यानंतरचे टाके भारताच्या कापडावर न पडता आफ्रिकेच्या कापडावर पडले. सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस पाण्याबाहेर आलं. सुई आता तिथून सुमारे २०० किलोमीटर नैर्ऋत्येला, रीयुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेज हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक.

एवढं डोक्यात ठेवून गाडी हाकली की मॉरिशस वेगळंच दिसू लागतं. बेट तसं आटोपशीर. लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी ४५, क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण तिप्पट. मनात आणलं तर एका दिवसात फेरी होते. पण खरी गंमत थांबण्यात आहे, आणि ठरलेल्या सहलीच्या बसमधून ती मिळत नाही.

दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेकडे निघावं. बेटाभोवती बहुतेक सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. तिच्या आतलं पाणी उथळ, शांत, हिरवट निळं. मोठ्या लाटा दूर त्या भिंतीवरच फुटतात, किनाऱ्यावरून फेसाची एक पांढरी रेघ तेवढी दिसते. काळ्या दगडाच्या बेटाला पांढरीशुभ्र वाळू कुठून आली, याचं उत्तरही त्या रेघेतच आहे. ही वाळू दगडाची नाही, प्रवाळाचा आणि शंखशिंपल्यांचा तो चुरा आहे. प्रवाळाला गोडं पाणी आणि गाळ सोसत नाही. त्यामुळे नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे समोरच्या भिंतीत बहुधा खिंड असते.

सुयाक गावाजवळच्या ग्री-ग्री या टोकाला ही भिंतच नाही, आणि फरक आधी कानांना कळतो. अडवायला काही नसल्यामुळे अख्खा हिंदी महासागर काळ्या कड्यांवर आदळत असतो. जवळच उसाच्या फडांतल्या कच्च्या वाटेने रोचेस्टर धबधबा गाठता येतो. पाणी फार उंचावरून पडत नाही, पण मागचा कातळ बघत राहावा असा आहे. उभे, कोनाकोनांचे खांब एकाला एक चिकटवून ठेवल्यासारखे. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना त्याला तडे जातात, ते वरून खाली उतरतात आणि असे खांब सुटे होतात. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर ज्यांनी असे खांब पाहिले आहेत, त्यांना इथे वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

पुढे रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो. माकोंदे इथे एका कड्याला वळसा घालताना गाडी आणि लाटा यांच्यामध्ये एक बुटकी भिंत तेवढी असते. मग नैर्ऋत्य टोकावर ल मॉर्न उभा राहतो, समुद्रातून थेट उठलेला ५५६ मीटरचा कातळ. मालकांच्या जाचातून पळालेले गुलाम इथल्या गुहांत आणि माथ्यावर आसरा घेत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामी संपली, आणि या डोंगराला २००८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला तो या लोकांच्या आठवणीसाठी. उसाच्या मळ्यांना मजूर तर हवेच होते. ते कुठून आणले, ते पुढे पोर्ट लुईला कळतं.

ल मॉर्नहून थोडं उत्तरेला गेलं की केस नोयालपासून एक वळणावळणांचा चढ शामारेलला नेतो. इथे झाडोऱ्याच्या मधोमध उघड्या मातीच्या लाटा आहेत. विटकरी, तपकिरी, जांभळट, पिवळसर असे पट्टे त्यावर पसरलेले, आणि गवताचं पातंही नाही. हाही मुळात बेसॉल्टच. हजारो वर्षांच्या उन्हापावसाने तो कुजला, त्यातली विरघळणारी सिलिका पाण्याबरोबर निघून गेली, आणि मागे लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. त्यांच्या कमीजास्त प्रमाणातून हे रंग आले. रत्नागिरीकराला ही गोष्ट घरची आहे, कारण ज्या जांभ्याच्या चिऱ्यांनी कोकणातली घरं उभी राहतात, तो जांभाही याच तऱ्हेने तयार होतो.

शामारेलच्या वर प्लेन शांपान्यचं पठार लागतं आणि हवाच पालटते. खाली पश्चिम किनाऱ्यावर ऊन रखरखत असताना इथे वायपर लावावा लागतो. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे बेटाच्या उंचवट्याला अडतात, ओलावा तिथेच सांडतात आणि कोरडे होऊन पलीकडे उतरतात. मधल्या पठारावर वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस, तर पश्चिम किनाऱ्यावर ८०० च्या आसपास. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातला फरक ज्यांनी अंगावर घेतला आहे, त्यांना हा कारभार पाठच असेल. इथे फक्त सगळं उलट्या बाजूने चालतं, पूर्वेकडे ओलं आणि पश्चिमेकडे कोरडं.

हा भाग १९९४ साली राष्ट्रीय उद्यान झाला. बेटावरचं सर्वांत उंच शिखर, ८२८ मीटरचं, याच भागात आहे. दरीच्या काठी गाडी लावून कठड्याशी उभं राहिलं की खाली दाट हिरवं रान आणि वर पांढरे लांबशेपटे पक्षी तरंगताना दिसतात. नशीब असेल तर मॉरिशसचा खरूची ससाणाही दिसतो. १९७४ मध्ये निसर्गात या ससाण्याचे फक्त ४ पक्षी उरल्याचं ठाऊक होतं. पिल्लं वाढवून रानात सोडण्याच्या चिकाटीने तो वाचला. डोडोच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. १५९८ मध्ये डच इथे उतरले आणि शंभरेक वर्षांच्या आत डोडो संपला. शिकारीपेक्षाही जहाजांतून आलेले उंदीर, डुकरं आणि माकडं त्याच्या अंड्यांना नडली. हा भला थोरला पक्षी मुळात कबुतरांच्या कुळातला होता, आणि आज त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग म्हणजे आपल्या अंदमान-निकोबारात दिसणारं निकोबार कबूतर.

पठारावरच गंगा तलाव आहे. मुळात हे ज्वालामुखीचं मुख, त्यात पावसाचं पाणी साचून तळं झालं. १९७२ मध्ये त्यात गंगेचं पाणी मिसळलं गेलं. काठावर ३३ मीटर उंचीचा मंगल महादेव उभा आहे, आणि महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक खांद्यावर कावडी घेऊन चालत येतात. त्या दिवसांत गाडीने इकडे फिरकू नये, रस्ते पायी चालणाऱ्यांचे असतात. क्युरपिप शहरातलं त्रू ओ सेर्फ हे आणखी एक मुख. त्याच्या काठाने चक्क गाडीचा रस्ता गोल फिरतो. आत झाडी, तळाशी दलदल, आणि बाहेरच्या अंगाला घरं. शेजारचे लोक सकाळी इथे चालायला येतात. बेटावरचे शेवटचे उद्रेक काही दशसहस्र वर्षांपूर्वीचे, तेव्हा काळजीचं कारण नाही.

मोका रांगेला वळसा घालून पोर्ट लुईला उतरताना भूक लागतेच. रस्त्याकडेच्या गाडीवर ढोल-पुरी मागावी. हरभऱ्याची डाळ शिजवून, दळून, मऊ पोळीत भरलेली. एक कधी देत नाहीत, जोडीच मिळते. त्यावर घेवड्याची आमटी, टोमॅटोची रुगाय नावाची चटणी आणि झणझणीत मिरची घालून कागदात गुंडाळून हातात ठेवतात. स्टिअरिंगवर बसून खाऊ नये, रस हमखास मनगटापर्यंत ओघळतो.

बंदराशीच आप्रवासी घाट आहे. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ ५ लाख मजूर करारावर हिंदुस्थानातून मॉरिशसला आणले गेले. १८४९ पासून त्यांची पहिली नोंद याच जागी होई. बोटीतून उतरून दगडी पायऱ्या चढल्या की नवं आयुष्य सुरू. त्यांतले बरेचसे भोजपुरी मुलखातले, दक्षिणेतलेही बरेच. मुंबई बंदरातून जे गेले, त्यांत कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची माणसं मोठ्या संख्येने होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी मंडळी म्हणून ओळखले जातात. घरात बोली क्रेओल, पण शाळेत मराठी विषय घेता येतो, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी तिथेही नाचली जाते.

फडांतल्या त्या ढिगाऱ्यांचा उलगडा इथे होतो. नव्या लाव्हाच्या जमिनीत माती थोडी आणि दगड फार. ऊस लावायचा तर आधी ते वेचायला हवेत. आधी गुलामांनी आणि नंतर या मजुरांनी ते हातांनी उचलून फडाच्या मध्ये किंवा कडेला रचले. ज्या आगीने कोकणातल्या त्यांच्या गावाची जमीन घडवली होती, तिचाच धाकटा दगड ते परमुलखात उचलत होते. आता यंत्रं आली आणि बरेच ढिगारे हटले, तरी अजून पुष्कळ शिल्लक आहेत.

या दगडाच्या पोटात आणखी एक नवल आहे. २०१३ साली संशोधकांनी इथल्या किनाऱ्याच्या वाळूत झिरकॉन या खनिजाचे कण शोधले, वय ६६ कोटी ते १९७ कोटी वर्षं. ९० लाख वर्षांच्या बेटावर एवढे म्हातारे कण कसे? २०१७ मध्ये प्रत्यक्ष ज्वालामुखी खडकातच सुमारे ३०० कोटी वर्षांचे झिरकॉन सापडले. त्याचा अर्थ असा लावला जातो की भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून सुटले, तेव्हा त्यांच्या मधल्या जुन्या खंडाचा एक तुकडा समुद्रात बुडाला, आणि वर येणाऱ्या लाव्हाने त्याचे कण खरवडून आणले. शास्त्रज्ञांनी त्या तुकड्याला मॉरिशिया हे नाव दिलं.

मॉरिशसचं पुढे काय होणार, हे ओळ पाहून सांगता येतं. मालदीवही कधीकाळी अशीच ज्वालामुखी बेटं होती. डोंगर झिजले, तळ खचत गेला, आणि वाढत राहिलेल्या प्रवाळाचीच बेटं तेवढी पाण्यावर उरली. मॉरिशसही त्याच वाटेवर आहे, फक्त अजून कोट्यवधी वर्षं मागे. त्याच्या पलीकडे रीयुनियनवर लाव्हा आजही समुद्रात नवी जमीन टाकतो. म्हणजे जन्म रीयुनियनला, ऐन उमेद मॉरिशसला, उतारवय मालदीवला, आणि साऱ्या वंशाचा मूळपुरुष आपल्या दारात, सह्याद्रीत. असा वंशवृक्ष इतका धडधडीत पाहायला मिळणं दुर्मीळच, आणि त्याची मधली फांदी तर भाड्याच्या गाडीतून, आपल्या सवयीच्या डाव्या बाजूने, सावकाश फिरून पाहता येते.