नेटवर्क फाईल प्रणालीतील विलंबाचे निदान

दूरच्या संगणकावरील फायली स्वतःच्याच संगणकावर असल्याप्रमाणे वापरता याव्यात, यासाठी सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ मध्ये नेटवर्क फाईल प्रणाली (एनएफएस) विकसित केली. तीत ग्राहक संगणक फायली सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे विनंती पाठवितो व सर्व्हर तिला उत्तर देतो. प्रणाली ‘हार्ड’ पद्धतीने जोडलेली असल्यास उत्तर मिळेपर्यंत प्रोग्रॅम खोळंबून राहतो. विलंब सर्व्हरमध्ये झाला, वाटेत झाला की ग्राहक संगणकातच झाला, हे वापरणाऱ्यास कळत नाही. परिणामी निर्दोष भाग बदलण्यावर खर्च होण्याचा संभव असतो. नेटवर्कमधून जाणाऱ्या पॅकेटांची वेळेसह नोंद घेऊन हे ठरविता येते. टीसीपीडम्प व वायरशार्क ही त्यासाठीची प्रचलित साधने होत.

प्रत्येक विनंतीस ३२ बिटांचा क्रमांक असतो व उत्तरातही तोच येतो. त्यावरून जोडी जुळवितात. नोंद दोन्ही टोकांना एकाच वेळी घेतात. विनंती सर्व्हरवर पोहोचणे व तेथून उत्तर निघणे यांतील अंतर हा सर्व्हरचा वेळ होय. ग्राहकाकडील अंतरातून तो वजा केल्यास वाटेतील वेळ मिळतो. प्रत्येक अंतर एकाच घड्याळावर मोजलेले असल्याने दोन्ही घड्याळे जुळलेली असण्याची गरज नसते. उदा., ग्राहकाकडे २०५ व सर्व्हरवर ३ मिलिसेकंद आढळल्यास २०२ मिलिसेकंद वाटेत गेले, असे ठरते. अशा वेळी तेच पॅकेट पुन्हा पाठविले गेले काय, हे पाहतात. लिनक्समध्ये टीसीपीच्या पुनःप्रेषणापूर्वीची किमान प्रतीक्षा सर्वसाधारणपणे २०० मिलिसेकंद असते. याउलट सर्व्हरचाच वेळ मोठा असल्यास विनंतीचा प्रकार तपासतात. तिसऱ्या आवृत्तीपासून (१९९५) ‘राइट’ विनंतीस माहिती डिस्कवर जाण्यापूर्वीही उत्तर देता येते. ‘कमिट’ला मात्र ती कायम साठ्यात गेल्यावरच देतात. म्हणून केवळ ‘कमिट’ रेंगाळत असल्यास संशय डिस्कवर जातो.

कधीकधी एकही उत्तर उशिरा येत नाही, तरी काम लांबते. १०,००० लहान फायलींची माहिती एकेक करून विचारली व प्रत्येक फेरीस १ मिलिसेकंद लागला, तरी एकूण १० सेकंद जातात. येथे दोष वेगाचा नसून विनंत्यांच्या संख्येचा असतो.

नोंद घेतानाही काही पॅकेटे निसटू शकतात. म्हणून टीसीपीडम्पने अखेरीस दाखविलेला निसटलेल्या पॅकेटांचा आकडा आधी पाहावा लागतो. सांकेतिक रूपात न पाठविलेल्या फायलींचा मजकूरही नोंदीत उतरत असल्याने ती गोपनीय मानणे आवश्यक असते.